कुलूप लावलेल्या घरांची उत्तरं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्हालाच का, ते मलाही नीट कळलेलं नाही. बीडच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. मुलं मला कडक समजतात. एक आकडा चुकला तरी मी अख्खी वही परत करते, म्हणून.

एम.ए. झाले आणि नोकरी मिळेना, तेव्हा एका मोठ्या सर्वेक्षणात घरोघर फिरून फॉर्म भरायचं काम मी धरलं. दुष्काळाचं साल होतं. कुटुंब काय खातं, कुठून कमावतं, पोरं शाळेत जातात का — सगळं विचारायचं. हा डेटा पुढे जगभरचे अभ्यासक वापरणार, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला कोण अभिमान वाटला होता तेव्हा! नेकनूरच्या पलीकडची एक वस्ती माझ्या वाट्याला आली. घरांची यादी कुणीतरी शहरात बसून काढलेली, तारखाही तिथूनच ठरलेल्या — दिवाळीनंतरच्या. दिवाळीनंतर आमच्याकडच्या वस्तीत कोण सापडतं? शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

यादीतल्या अकरा घरांना कुलूप. दारात काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. तरी मी कडी वाजवत राहिले, तशी शेजारची म्हातारी ओरडली, "कावून ठोकती बाई? समदे ऊस तोडाया गेले. आता येतील पाडव्याला."

नियम साधा होता. बंद घराला तीनदा जायचं, आणि तरीही बंद असलं तर तसंच लिहायचं — घर बंद, माणसं कामाला बाहेर. एवढंच. पण बंद घराचा फॉर्म पूर्ण धरत नसत, आणि मला पुन्हा त्या उन्हात यायचं नव्हतं. मग मी काय केलं? तिथल्या सहकारी दूध संस्थेत गेले आणि सभासदांचं रजिस्टर बघायला मागितलं. नावं आणि जनावरं त्यात मिळाली. घरात कोण कोण, कुणाचं वय किती, हे म्हातारीनं सांगितलं. काहीतरी मदत येणार अशी तिची समजूत, म्हणून बिचारीनं एकेक पोर आठवून आठवून सांगितलं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मग संस्थेच्या ओट्यावर बसून अकरा कुटुंबांच्या वतीनं मी उत्तरं दिली. आठवड्यात काय खाल्लं? माझ्या डब्यात होतं ते — भाकरी, पिठलं, ठेचा. घरातलं कुणी कामासाठी गाव सोडून गेलं? नाही. मुली शाळेत जातात? होय. शाळा बुडाली? नाही. हात जरासुद्धा अडखळला नाही. दुपारच्या एसटीनं मी घरी आले आणि गाढ झोपले.

खाई त्याला खवखवे म्हणतात ना? मला तर कित्येक वर्षं काहीच खवखवलं नाही. नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली. मी ते विसरून गेले होते — हो, चक्क विसरले होते.

मग मनीषा वर्गात आली. हुशार पोर, पण बोलायला बुजरी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तिला दुष्काळ आणि मुलींची शाळा हा विषय हवा होता. डेटा कुठं मिळेल, म्हणून विचारत आली. मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं — अगं, अशी सर्वेक्षणं फुकट मिळतात, उतरवून घे. नेमकं कोणतं उतरवून घेईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आठवड्याभरात ती लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये हजर. फायलीत माणसांची नावं काढून टाकलेली असतात, पण गावाची माहिती राहते — दूध संस्था आहे, हायस्कूल नाही, नेकनूर किती लांब.

"मॅडम, ही आमची वस्ती हाय," ती हरखून म्हणाली. आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आई, बाप, दोन मुली, दोघी आठ वर्षांच्या. "वस्तीत जुळ्या आमी दोघीच. हे आमचंच घर." पुढच्या रकान्यात शाळेत जातात — होय, होय. तिच्या कपाळावर आठी पडली. "पन मॅडम, आमी तर त्या साली कारखान्यावर गेलतो."

मी कप बाजूला ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. ते कागद कधीच रद्दीत गेले असतील असं मी धरून चालले होते — आणि ते तर होते! जसेच्या तसे! माझ्या डब्यातलं पिठलंसुद्धा त्या रकान्यात होतं. आणि जिच्या वतीनं मी होय म्हणाले होते, ती पोर माझ्यासमोर उभी होती, माझीच विद्यार्थिनी म्हणून.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "तू आठ वर्षांची होतीस, मनीषा. आठवण फसवते. ही नोंद घरी जाऊन घेतलेली असते."

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. आईला विचारून आली होती. "आई म्हनती, गेलतोच. संगीची शाळा त्याच साली सुटली ती सुटलीच." संगी म्हणजे तिची जुळी बहीण. आणि मी — ओट्यावर बसून केला तो आळशीपणा होता, खरा गुन्हा हा आहे — मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "तोंडी सांगितलेलं पुरावा म्हणून चालत नाही गं. नोंद आहे ती धरायची." तिनं खाली बघितलं. "बरं, मॅडम," म्हणाली.

तिनं लिहिलं, 'त्या वर्षी या वस्तीतून स्थलांतर झाल्याचे दिसत नाही. मुलींची शाळा सुरू होती.' मी ते दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि मार्गदर्शक म्हणून खाली सही केली.

निकाल लागल्यावर प्रकल्पाची बांधलेली प्रत द्यायला ती आली, ती बहिणीला घेऊन. चेहरा तोच, पण संगी दहा वर्षांनी मोठी दिसत होती, आणि हाताला घट्टे. संगीनं ती प्रत दोन्ही हातांत धरली. "ह्यात आपलं घर हाय म्हनं?"

मनीषानं मागचा तक्ता उघडून दाखवला.

"मी कोन्ती गं ह्यातली?"

"ही बघ. शाळेत जानारी."

संगीनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली. मीही हसले.