सहा जणांसाठी

कंपाउंडरने अडतीस वर्षं औषधाच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावली आणि एका गोळीचाही फरक होऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर असा माणूस घरात काय करणार? पहिले दोन महिने त्याने बायकोच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेवर 'साखर', मिठावर 'मीठ, जपून'. बायको मेटाकुटीला आली. मग लेकीने आईसाठी घरगुती पाककृतींच्या एका मासिकाची वर्गणी भरली, आणि आई राहिली बाजूला, बापच त्याच्या नादी लागला.

लोक रहस्यकथा वाचतात तसा तो सूप वाचायचा. दुपारी आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसायचा, आणि सतराव्या पानावर कांदा लोण्यात पडला की त्याचा श्वास अडकायचा.

"अगं, आता बटाटे टाकतायत बघ," तो आतल्या खोलीकडे बघून ओरडायचा.

"टाकू देत की," आतून उत्तर यायचं.

फोटोतल्या वाफेनेसुद्धा ह्यांचा चष्मा धुरकटतो, असं ती शेजारीपाजारी सांगायची. वाढवून सांगत असेल, पण फार नाही.

नुसतं वाचून भागेना, तेव्हा त्याने दर रविवारी एक पदार्थ करायचं ठरवलं. इथे घोडं अडलं. बहुतेक पाककृतींच्या माथ्यावर छापलेलं असे, 'सहा जणांसाठी'. घरात माणसं दोन.

"मग तिसरा हिस्सा करा," बायको म्हणाली.

"लिहून दिलेली मात्रा आपण बदलायची नसते."

मात्रा बदलायची नाही, म्हणून त्याने माणसं वाढवली. समोरचा बेकरीवाला, गल्लीतली शिंपीण, पोस्टमन आणि शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, असे चौघे ठरून गेले. सहावं माणूस टेकल्याशिवाय तो डाव भांड्यात बुडवत नसे. पण मीठ सगळ्यांना छळायचं. मासिकात त्याच्यापुढे 'चवीनुसार' एवढंच लिहिलेलं. असलं बेजबाबदार लिखाण कंपाउंडरने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने संपादकांना खरमरीत पत्र धाडलं. उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या अधिकारात चार ग्रॅम हा आकडा कायम केला आणि तराजूवर तोलून घालू लागला. पाहुणे शहाणे. ते खिशात मिठाची पुडी घेऊन यायचे आणि तो पाठमोरा झाला की वाडग्यात झटकायचे.

एका रविवारी पोस्टमनची दाढ काढली आणि तो आलाच नाही. बटाट्याचं दाट सूप तयार होतं. बसलेली माणसं पाच.

"सुरू करू या का?" बेकरीवाल्याने आशेने विचारलं.

"पाच जणांसाठी नाहीये ते," कंपाउंडर म्हणाला.

"वरच्या मजल्यावर एक माणूस आहे," बायको म्हणाली. "मी जाणार नाही. तुमचा भाऊ, तुम्हीच बोलवा."

वर त्याचा थोरला भाऊ एकटा राहायचा, घड्याळं दुरुस्त करायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याने शिडी उसनी नेली होती. ती परत आली तेव्हा एक पायरी कमी होती. दादा म्हणे, ती आधीपासूनच नव्हती. एवढ्यावरून दोघांचा अबोला. जिन्यात समोरासमोर आले की दोघेही जिना पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे भिंतीकडे बघायचे. कंपाउंडरला त्याची रोज आठवण यायची. पण आधी तोंड कोणी उघडायचं?

तो डाव हातात घेऊनच जिना चढला. दादाने दार उघडलं. एका डोळ्यावर भिंग तसंच होतं.

"काय?"

"सूप केलंय. सहा जणांसाठी आहे."

"मग?"

"पाचच आहेत."

दादाने भिंग काढलं. "निवतंय का?"

"निवतंय."

"मग उभा काय राहिलास? चल."

दादाजवळ पुडी नव्हती. त्याने पहिला चमचा तोंडात घातला आणि जाहीर केलं, "अळणी आहे."

तिघांचे हात खिशातच थिजले. कंपाउंडरचा चेहरा पडला. त्याने मासिक आणून 'चवीनुसार' या शब्दावर बोट ठेवलं आणि चार ग्रॅमचा हिशेब सांगितला.

"कोणाच्या चवीनुसार, ते लिहिलंय का?" दादा म्हणाला. "नाही ना? मग आज माझ्या."

कंपाउंडर उठला. मिठाचा डबा घेऊन आला. तराजू तिथेच राहिला. तो चिमटीने मीठ घालत गेला आणि दादा सांगत गेला, "आणखी. आणखी थोडं. बस." हे पाहून मास्तरांनी खिशातल्या दोन पुड्या उघड उघड टेबलावर मांडल्या. कंपाउंडरने त्यांच्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

वाडगं पुसून खाल्ल्यावर दादा म्हणाला, "पुढच्या रविवारी काय?"

"भोपळा भाजायचाय."

"किती जणांसाठी?"

कंपाउंडरने पान उघडलं. पुढच्या रविवारी पोस्टमन येणार होता. म्हणजे सहा तर तसेच झाले. त्याने बोटांवर पुन्हा एकदा मोजलं.

"सात," तो म्हणाला.

"सात जणांसाठी कोण छापतं?"

"छापलंय," कंपाउंडर म्हणाला आणि त्याने मासिक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन आली, तर हा पेन्सिल घेऊन बसलेला. पानाच्या माथ्यावर छापलं होतं, 'चार जणांसाठी', आणि हा गृहस्थ खालची एकेक मात्रा पावणेदोन पट करत होता.