डाव्या कोपऱ्यातला हात

युनिट हलणार असल्याचा हुकूम सकाळी साडेसहाला आला, तेव्हा आम्ही कबड्डीच्या मैदानावर होतो. विलास म्हात्रे डाव्या कोपऱ्यात आणि त्याचा उजवा हात धरून शेजारी मी. याला साखळी म्हणतात. चढाईवाला आत आला की दोघांनी हात न सोडता त्याला घेरायचं. सात वर्षं आम्ही तेच केलेलं, आधी ठाण्या-कल्याणच्या मैदानांवर, मग पलटणीच्या टीममध्ये.

मी हवालदार शिंदे, रिटायर्ड. राहतो वर्तकनगरला. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तिथले लोक मला अंकल म्हणतात, हवालदार म्हणायला त्यांची जीभ झिजते. असो. विलास डोंबिवलीकडच्या आगरी गावातला. त्या काळी तो खेळणार म्हटलं की लोक झाडांवर चढून बसायचे. घोटा असा धरायचा की चढाईवाला जागच्या जागी आडवा. आम्ही दोघं खेळामुळेच फौजेत भरती झालेलो.

दरवर्षी गावात त्याच्या नावाने स्पर्धा होते. बक्षीस त्याची आई, आमच्या काकी, देते. यंदा मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, "शिंदेसाहेब, विलासदादांच्या शेवटच्या दिवसाबद्दल दहा मिनिटं बोला. जरा जोशात!" मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. कारण तो दिवस काकींना मी आजवर अर्धाच सांगितलाय. त्या पहिल्या रांगेत बसणार. उरलेला अर्धा त्यांनी माइकवरून ऐकावा, एवढा मी नालायक नाही. आदल्या दिवशी घरी जाऊन सांगायचं ठरवलं. त्यांनी दार दाखवलं तर दाखवलं.

तर लढाईचं सांगतो. खेळाडूंना मागे ठेवायचा विचार चाललेला. विलास थेट पलटणीचे प्रमुख, सीओ साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "सर, खेल बाद में. पहले पलटन." बाहेर येऊन मला म्हणाला, "कोपरा मोकला ठेवून कोन खेलतं रं?" त्याच्या मागोमाग मीही नाव दिलं.

वर डोंगरात आमचं काम ठरलेलं. पहाटे चारला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज, मग चहा, सातला पाणी आणायचं, दुपारी पुढच्या पोस्टवर दारूगोळा पोचवायचा. वाटेत साठ पावलं रुंदीचा एक नाला होता. तो शत्रूला समोरून दिसायचा, म्हणून धुकं असतानाच ओलांडायचा. निघताना सुभेदारसाहेब रोज बजावायचे, "दो जवानों में दस कदम. म्हात्रे, शिंदे, ये कबड्डी का ग्राउंड नहीं है." सगळे हसायचे. अंतर कशासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. एका गोळ्यात दोघं जाऊ नयेत.

त्या दिवशी आम्ही आठ जण होतो. पाठीवर पेट्या. विलास सातवा, मी शेवटचा. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला जवान नाल्यात उतरला. एकेक करत पाच जण पार झाले. सहावा मधोमध असताना वायरलेस सेट खरखरला. अल्फा टू म्हणजे आमची तुकडी.

"अल्फा टू, कोहरा उठ रहा है. जल्दी करो. ओव्हर."

मान वर केली तर समोरचा अख्खा कडा लख्ख दिसत होता. म्हणजे आम्हीही त्यांना तसेच दिसत होतो. थांबावं तर पुढे पोस्टवर गोळ्या संपत आलेल्या. एकेकाने जायला आता वेळ नव्हता, विलास लगेच उतरला. दहा पावलं मोजून मी उतरलो. सहावा पार झाला. आणि मग पहिला गोळा आला.

तो आमच्या उजवीकडे, वीसेक पावलांवर पडला. दगड उडाले, कान बंद. अशा वेळी जागीच आडवं व्हायचं, हे मला झोपेतही येत होतं. मी झालो नाही. मी धावलो. विलासकडे धावलो आणि त्याचा उजवा हात धरला. सात वर्षांची सवय, दुसरं काय! समोरून कुणी आलं की साखळी धरायची.

त्याने हिसका दिला. "आंतर ठेव! सोड!" मी सोडेना. तेव्हा त्याने दोन्ही हातांनी मला छातीवर ढकललं. मी पेटीसकट एका मोठ्या दगडामागच्या खळग्यात पडलो. दुसरा गोळा त्याच्याजवळ पडला.

"अल्फा टू, रिपोर्ट. ओव्हर."

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर," पलीकडून कुणीतरी म्हणालं. मी त्याच्यापर्यंत सरपटत गेलो. नायक विलास म्हात्रे गेला होता. तीन वाजता त्याची पेटी आणि माझी पेटी पोस्टवर पोचली. कागदावर लिहिलं गेलं, शेलिंगमध्ये शहीद. ते खोटं नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मी काकींकडे गेलो. त्या ओटीवर वाल सोलत बसलेल्या. मी पायरीवर बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं. "काकी, मी हात धरला नसता तर तो आडवा पडला असता. कदाचित वाचलाही असता."

त्यांचे हात थांबले. "आनि हात सोरवला कोनी?"

"त्याने. मी सोडत नव्हतो."

त्यांनी हातातली शेंग टोपल्यात टाकली. मला वाटलं, आता शिव्या येतील. याव्यातही.

"मी मैदानावर बोंबलायची, मेल्या, साखली सोरू नको! एकदा सोरलीन तवा रातचा जेवन नाय दिला त्याला." त्यांनी पदराने नाक पुसलं. "या टायमाला बरा केला. सोरली ती."

मी पन्नाशी उलटलेला गडी, ढसाढसा रडलो. काकींनी टोपलं माझ्याकडे सरकवलं. "रडतंस कशाला? सोल. आनि उद्या सगला सांग. अर्धा नको."

दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. जोश वगैरे काही नव्हता. मग सामन्याआधी नावं पुकारायची वेळ आली. नाव पुकारलं की खेळाडू हात वर करतो. पहिलं नाव दरवर्षी विलासचं असतं आणि तेव्हा कुणीच हात वर करत नाही. यंदा यादी माझ्या हातात होती.

"नायक विलास म्हात्रे. डावा कोपरा."

पहिल्या रांगेतून काकींनी हात वर केला. "हाय!"