क्लेमेंटीनबायची गोल गॅलरी

वसईच्या बाजारामागे ‘ओशन हाउस’ नावाची जुनी बिल्डिंग होती. बोटीवर नोकरी केलेल्या मालकाने ती हौसेने बोटीसारखीच बांधून घेतली होती. गोल गॅलऱ्या, गोल खिडक्या आणि कपाळावर सिमेंटचा उगवता सूर्य! क्लेमेंटीनबायला या थाटाचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की पहिल्या मजल्यावरच्या तिच्या गोल गॅलरीतून दिवसभर ऊन हलत नाही आणि सुकेळ्यांना, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांना, तेच लागतं.

नवरा गेल्यापासून तिचं घर सुकेळ्यांवर चालत होतं. भुईगावच्या माहेरच्या वाडीतून राजेळी केळ्यांचे लोंगर यायचे. पिकली की ती सोलायची, चटईवर मांडायची, रोज पालटायची. त्यांना पाझर सुटायचा तो मधासारखा.

त्र्याऐंशी साली मालकाच्या पुतण्याने, ऑगस्टीनने, टूम काढली. ही बिल्डिंग पाडायची आणि चौकोनी, चार मजली, लिफ्टवाली बांधायची. भाडेकरू हरखले. सगळ्यांत जास्त हरखला तळमजल्यावरचा हरिश्चंद्र. तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्ट कशाला, असं त्याला विचारायची सोय नव्हती.

“चौकोनी गॅलरीत ऊन आलं की पळालं! मग केळी काय लिफ्टमधी सुकवू?” क्लेमेंटीनबाय सगळ्यांना विचारत सुटली. कोणी ऐकेना.

एका दुपारी ऑगस्टीन मुंबईहून इंजिनिअर घेऊन आला. हरिश्चंद्राच्या ओट्यावर उभं राहून इंजिनिअरने वर पाहिलं. क्लेमेंटीनबायच्या गॅलरीखालून भिंतीवर तांबूस ओघळ उतरले होते.

“आतल्या सळया गंजल्यात,” इंजिनिअर म्हणाला. “गॅलरी कधीही खाली येईल. पाडावीच लागेल.”

सगळे चार पावलं मागे सरले.

“मी कधीपासून सांगतोय, भिंत रडते म्हणून!” हरिश्चंद्र आनंदाने ओरडला.

क्लेमेंटीनबाय जिन्याशी उभी राहून हे ऐकत होती. गप्प बसावं तर गॅलरी जाते. बोलावं, तर इतकी वर्षं आपणच हरिश्चंद्राच्या भिंतीवर रस गाळतोय हे उघडं पडतं, आणि मग हा माणूस सुकेळी बंद करायला लावल्याशिवाय राहायचा नाही. तिने आकाशातल्या सायबाचं नाव घेतलं, पदर खोचला, पुढे झाली आणि सगळ्यांदेखत भिंत चाटली.

“हा गंज नाय. माजी सुकेळी हायत,” ती म्हणाली. “चाटून बघा. गंज गोड असतो काय?”

इंजिनिअरने बोट लावून जिभेवर ठेवलं. पुन्हा लावलं. ऑगस्टीनने त्याला कोपराने ढोसलं, तरी त्याने तिसऱ्यांदा लावलं.

“गोड आहे खरं,” तो पुटपुटला. “हा गंज नव्हे.”

आता हरिश्चंद्र भडकणार म्हणून क्लेमेंटीनबाय डोळे मिटून उभी राहिली. त्यानेही बोट चाटलं. जरा विचार केला.

“यंदा गोडी कमी हाय,” तो म्हणाला. “गेल्या सालची झकास होती.”

ओट्यावरच्या सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. हरिश्चंद्राने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

त्याची बायको आतून बाहेर आली. “तरीच रोज सकाळी भिंतीशी तोंड करून उभे असता!” ती म्हणाली. “मी समजायची देवाचं नाव घेताय.”

त्यानंतर लिफ्टची गोष्ट काढायला हरिश्चंद्राला तोंड राहिलं नाही, आणि तो मागे सरला तसे बाकीचेही सरले; ऑगस्टीनची टूम बारगळली. क्लेमेंटीनबायने चटईखाली पत्रा घातला, रस भांड्यात धरू लागली. भिंत कोरडी झाली.

आठवड्याने खालून दबकी हाक आली.

“क्लेमेंटीनबाय, तो पत्रा जरा तिरका कर ना.”