आधी विचारलं की सापडत नाही

फोल्डर स्क्रीनवर दिसत होतं. शमीमभाभींनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"पावस-१४," मी म्हणालो.

"आता उघडा."

मी नाव टाइप केलं. उत्तर आलं, असं फोल्डर नाही.

"माणूस ओटीवर बसलाय आणि तुमचा डबा सांगतो घरात कोणी नाही," त्या म्हणाल्या. "आणि बापूशेठ मला विचारतात, भाभी, काम केलंत का."

डबा म्हणजे आमच्या कंपनीचा स्टोरेज बॉक्स. ऑफिसातल्या सगळ्या फाइली त्यात राहतात. कंपनी पुण्याची, मी रत्नागिरीत घरी बसून त्याच्या कर्नलचं काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वांत आतला भाग. कुठली फाइल कुठे आहे हे शेवटी त्यालाच ठाऊक असतं. पावसजवळचं हे आंब्याचं पॅकहाउस मला जवळ, म्हणून तक्रार आली की कंपनी मलाच पाठवायची. कोड लिहिणारा मी आणि तक्रार ऐकणाराही मीच. या सोयीचा मी काय उपयोग केला, ते सांगायला मला दोन हंगाम लागले.

भाभी तिथल्या ऑफिसच्या प्रमुख. त्यांची पद्धत चोख होती. प्रत्येक लॉटचं एक फोल्डर. कागदपत्रं जमेपर्यंत ते 'कच्चे'मध्ये. सगळं तपासून झालं की अख्खं फोल्डर उचलून 'पक्के'मध्ये. हॉलमध्ये महादेवराव 'पक्के'मधलं नाव टाइप करून लेबलं छापायचे. लेबलं नाहीत तर पेट्या बंद होत नाहीत, आणि हापूस काही आपल्यासाठी पिकायचा थांबत नाही.

महादेवराव शांत गृहस्थ, फक्त धीर नव्हता. टेम्पो फाटकात वळला रे वळला की ते लॉटचं नाव टाइप करून बघायचे. तेव्हा भाभींचे कागद अर्धेही झालेले नसायचे. 'नाही' असं उत्तर यायचं. ते भाभींच्या नावाने सुस्कारा सोडायचे आणि परत टाइप करायचे.

त्या दिवशी मी नेहमीचंच केलं. बॉक्स बंद करून चालू केला. पावस-१४ लगेच उघडलं. मालक बापूशेठ दारात उभे होते. "साळवीसाहेब आले की बरं सापडतं," ते भाभींकडे बघून म्हणाले.

मग भाभींनी आपला उपाय शोधला. अडकलेल्या फोल्डरचं नाव बदललं की ते उघडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पावस-१७ अडकलं तेव्हा त्यांनी त्याचं 'पावस-१७-आहे' केलं. महादेवरावांनी तेच टाइप केलं, लेबलांवर तेच छापलं गेलं. 'पावस-२१-खरंच-आहे' दुबईला पोचलं तेव्हा तिथल्या व्यापाऱ्याचा फोन आला. तो मूळचा चिपळूणचा, त्यामुळे त्याला वाचता आलं. बाकीच्या पेट्यांत आंबे नाहीत का, असं त्याने विचारलं.

बापूशेठनी माझ्याकडे लेखी रिपोर्ट मागितला. "एवढंच लिहा," ते म्हणाले, "चूक डब्याची की भाभींची. भाभींची असेल तर मी त्यांना क्रेट धुण्यावर घालतो."

घरी येऊन मी कोड उघडला. दहा मिनिटांत सापडलं. सापडलं म्हणजे आठवलं.

दरवेळी डिस्कवर जाऊन नाव शोधायला वेळ लागतो, म्हणून कर्नल उत्तरं लक्षात ठेवतो. याला नेम कॅश म्हणतात. तो 'आहे' लक्षात ठेवतो तसं 'नाही'सुद्धा ठेवतो. खानावळीतला वाढपी घ्या. तुम्ही सुरमई मागितलीत, तो आत जाऊन बघून आला आणि नाही म्हणाला. पुढच्या दहा गिऱ्हाइकांना तो आत न जाताच नाही म्हणतो. यात काही चूक नाही. फक्त मागच्या दाराने सुरमई आली तर कोणीतरी त्याला सांगायला हवं. ते सांगणारी ओळ मी काढून टाकली होती. स्क्रीनवरची यादी थेट डिस्कवरून येते, म्हणून तिथे फोल्डर दिसायचं. नावाने विचारलं की वाढपी उत्तर द्यायचा. बॉक्स बंद केला की त्याला सगळंच विसरायला व्हायचं, म्हणून मी गेलो की सापडायचं.

ओळ का काढली? एका डिरेक्टरीतून, म्हणजे फोल्डरांच्या कप्प्यातून, दुसरीत काही हलवायचं तर दोन्हींना लॉक लावावं लागतं, नाहीतर मध्येच दुसरं कोणी हात घालतं. दोन लॉक ठरलेल्या क्रमानेच घ्यायची. एकाने 'कच्चे'चं घेऊन 'पक्के'ची वाट बघितली आणि दुसऱ्याने 'पक्के'चं घेऊन 'कच्चे'ची, तर दोघे जन्मभर उभे. याला डेडलॉक म्हणतात. माझा क्रम चुकत होता, बॉक्स गोठत होता आणि रिलीज दोन दिवसांवर आलं होतं. मी दुसरं लॉकच काढलं. त्याखालची 'नाही' पुसणारी ओळ त्याच्याबरोबर गेली. बॉक्स गोठायचा थांबला, पुण्याहून शाबासकीची मेल आली. टेस्टमध्ये काही निघालं नाही, कारण वस्तू येण्याआधीच तिची चौकशी करत बसणारे महादेवराव आमच्या टेस्टमध्ये नव्हते.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: यूजर एरर.

दुसऱ्या दिवसापासून भाभी हौदावर क्रेट धुवायला. त्यांच्या खुर्चीवर बापूशेठचे निवृत्त मेहुणे बसले. ते एका बोटाने टाइप करायचे. त्याच आठवड्यात मी दोन्ही लॉक क्रमाने लावून, ती ओळ परत घालून दुरुस्ती पाठवली. अपडेटच्या नोंदीत लिहिलं, 'वेग सुधारला'. त्यानंतर एकही फोल्डर अडकलं नाही. भाभी उठल्या आणि सगळं सुरळीत झालं. याहून मोठा पुरावा बापूशेठना नको होता. तो मीच पुरवला होता.

दोन हंगाम मी त्या रस्त्याला गेलो नाही. यंदा गेलो. आधी बापूशेठना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, डबा चालतोय ना, मग जुनं कशाला उकरायचं. चहा तसाच सोडून मी हौदाकडे गेलो.

"भाभी, तुमची चूक नव्हती."

"ते मला माहीत आहे," त्या क्रेट घासत म्हणाल्या. "तुम्हाला कधी कळलं ते सांगा."

"त्याच दिवशी. रिपोर्ट लिहायच्या आधी."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. नळ बंद केला.

"मग मला काय सांगताय? आत सगळा हॉल दोन वर्षं मला खरंच-आहे म्हणून हाक मारतो. त्यांना सांगा."

भाभींसमोर हॉलमध्ये उभा राहून मी सांगितलं. नेम कॅश सांगितला, दोन लॉक सांगितले, खानावळ सांगितली. बापूशेठ दारात येऊन उभे राहिले. प्रतवारी करणाऱ्या सुलभाताईंनी हातातला आंबा न ठेवताच विचारलं, "म्हणजे चूक कोणाची?"

"माझी."

"मग येवढं लांबण कशाला लावलात? सुरमईने काय केलं होतं?"

हॉल हसला. महादेवराव तेवढे लेबलांकडे बघत राहिले. हॉलला लागूनच असलेल्या ऑफिसात मेहुणे लगबगीने खुर्चीवरून उठले. त्यांना बहुतेक निमित्तच हवं होतं. बापूशेठ म्हणाले, "भाभी, उद्यापासून ऑफिसात बसा." भाभी म्हणाल्या, "आजपासून," आणि ओले हात पदराला पुसत खुर्चीवर बसल्या. रिपोर्ट त्यांनी माझ्याकडून तिथेच नव्याने लिहून घेतला. 'काही तांत्रिक कारणामुळे' हे शब्द खोडून 'माझ्यामुळे' लिहायला लावलं. त्याची एक प्रत पुण्याला गेली. आता माझी प्रत्येक ओळ दुसरा कोणीतरी वाचून मगच रिलीजमध्ये घेतो, आणि ते योग्यच आहे.

'यूजर एरर' लिहायच्या आधी मी स्वतःचा कोड तेव्हाही उघडला होता; आता त्यात जे सापडतं तेच लिहितो. ते दोन शब्द लिहायची वेळ पुन्हा आलेली नाही.