घरटी एक

एका माणसाला इंग्रजीत पर्सन म्हणतात, इंडिव्हिज्युअल म्हणतात, सिंगल म्हणतात, गेस्ट म्हणतात आणि स्वयंपाक्याशी बोलायचे असेल तर हेड म्हणतात. आमच्या बेल्यात, म्हणजे आदिलाबादजवळच्या आमच्या गावात, यांपैकी प्रत्येक शब्दाचा अर्थ किमान तीन माणसे असा होतो. हे संशोधन मी स्वतःच्या अब्रूवर केलेले आहे.

दादाला मुलगी झाली तेव्हा मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी बसले होते. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत मला जागा मिळाली होती. संस्थेची हरकत नव्हती, माझी तर नव्हतीच. हरकत फक्त बाबांची होती. बाबांचे गावात किराणा दुकान आहे, त्यामुळे कोणतीही गोष्ट तागडीत घातल्याशिवाय ते मान्य करत नाहीत.

"एकटी पोरगी हैदराबादले राहीन कशी?" ते म्हणाले.

"बाबा, मी सारं मॅनेज करू शकतो."

(आमच्याकडे मुलीही 'करू शकतो' म्हणतात. व्याकरणकारांनी रागावू नये.)

"असं? मंग बारसं मॅनेज कर. आवतनापासून उष्ट्या पत्रावळीपर्यंत सारं तुह्याकडं. पाहुने खूश गेले, तं हैदराबाद. नाई तं दुकानाचा गल्ला!"

मी तत्काळ होकार दिला. ज्या मुलीने संभाव्यतेचे सिद्धान्त पचवले, तिला बारशाचे जेवण किती जड जाणार?

आमच्याकडे आवतन, म्हणजे जेवणाचे आमंत्रण, दोन प्रकारचे असते. एक चूलबंद : त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, सगळे घर जेवायला येते. दुसरे घरटी एक : घरामागे एका माणसाने यायचे. मागच्या चूलबंद कार्यक्रमात उरलेला भात मी स्वतः म्हशींपुढे ओतला होता, आणि शेवटी शेवटी म्हशींनीही तोंड फिरवले होते. तेव्हा अपव्यय टाळण्यासाठी मी घरटी एकचा प्रस्ताव मांडला.

बाबा तागडी पुसत होते. "घरटी एक म्हंजे किती, हे तुले माइत हाये?"

"एक," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा तागडी पुसू लागले. त्या 'बरं'चे विश्लेषण मी तेव्हाच करायला हवे होते!

गावात मराठी आहे, तेलुगू आहे, हिंदी आहे. म्हणून संदिग्धता नको, या शास्त्रीय हेतूने मी फोनवर सर्वांना इंग्रजीत निरोप धाडला : घरटी वन पर्सन, प्लीज कन्फर्म. उत्तरे इतकी शिस्तबद्ध आली की मला भरून आले. कोणी 'वन ओन्ली' लिहिले, कोणी 'ओके, इंडिव्हिज्युअल'. बाजारहत्नूरच्या सुमन आत्याबाईंनी, बाबांच्या थोरल्या बहिणीने, नातवाकडून 'सिंगल' असे लिहवून घेतले. गुडीहत्नूरहून वहिनीच्या वडिलांनी, म्हणजे साक्षात व्याह्यांनी, फक्त 'वन' लिहिले. मी बेरीज केली, थोडी सुरक्षितता म्हणून वर काही माणसे धरली आणि आदिलाबादचा स्वयंपाकी राजन्ना याला आकडा सांगितला.

"पक्का ना मॅडम? इतनेच हेड?"

"पक्का. एक जादा नहीं, एक कम नहीं."

बारशाच्या सकाळी पहिली मोटारसायकल दारात थांबली. चालवणारा धरून तिच्यावरून पाच जीव उतरले. सर्वांत पुढे सुमन आत्याबाई.

"आत्याबाई, तुमी तं 'सिंगल' लिवलं होतं ना?"

"मंग? मी एकटीच तं हाये!"

"आन ह्या वहिनी?"

"सुनेले घरी सोडून सासू जेवाले जाते का वं? लोक काय म्हनतीन?"

"आन तिच्या कडेवरचं?"

"कडेवरचं लेकरू मोजत नाईत."

"हा मोठा?"

"पोट्टा हाये तो. पोट्टा असा खाऊन खाऊन किती खाईन?" (याचे उत्तर त्या पोट्ट्याने दुपारी स्वतःच दिले. मी पुऱ्यांचे टोपले लपवले. त्याने ते शोधून काढले.)

"बरं, आन हा भाऊ?"

"तो कुठं जेवाले आला? त्यानं गाडी चालवली."

"मंग तो जाईन वापस?"

"मंग मले वापस कोन नेईन? काय बाई शिकली तू!"

या तर्कात बोट शिरेल एवढीही फट नव्हती. त्यानंतर आलेला प्रत्येक 'वन ओन्ली' याच सूत्राने आला. सुना सासवांत धरलेल्या, लेकरे कडेवर, नवरे केवळ चालक. शेजारच्या काकू मात्र खरोखर एकट्या आल्या, तेव्हा मी त्यांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "मी पुढं झाली वं. बाकीचे मागून येऊन राह्यले."

मग व्याह्यांची जीप आली. जीपमधून माणसे उतरत होती, उतरत होती, आणि मला वाटले की जीपला खालून भुयार असावे.

"मामाजी, तुमी 'वन' लिवलं होतं..." मी म्हणाले.

"होय ना!" व्याही प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "तुमचा निरोप आला आन आमी दुसरी गाडी रद्द केली. एकच आनली!"

इतक्यात पाळण्याशी माझा पुकारा झाला, कारण बाळाची आत्या मीच! कानात नाव सांगण्याचा मान माझा. मी पाळण्यावर वाकले, पाठीत परंपरेने धपाटे बसू लागले (बायकांनी या निमित्ताने आपले जुने हिशेब चुकते केले), मी "कुर्रर्र" केले, आणि नेमके त्याच क्षणी राजन्ना दारातून ओरडला, "मॅडम! चावल खतम!"

"संपला कसा भात?" मी किंचाळले. बाळाच्या कानात!

बाळाने भोकाड पसरले.

"हे कोनतं म्हनाव नाव?" सुमन आत्याबाई म्हणाल्या. "नवीन निघालं का?"

दादाने घाईघाईने 'ईश्वरी, ईश्वरी' असे जाहीर केले, पण उशीर झाला होता. (भाची आजही भाताचे ताट पाहिले की रडते. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही; पण वहिनीचा माझ्यावरचा संशय कायम आहे.)

स्वयंपाकघरात गेले तो पुऱ्याही संपलेल्या. भाजीच्या पातेल्यात फक्त पळी होती. आणि व्याह्यांची पंगत अजून बसायची होती! मुलीच्या बारशाला मुलीच्या आईचे माहेर उपाशी गेले, तर गुडीहत्नूरपासून आदिलाबादपर्यंत बाबांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला हैदराबाद दिसेनासे झाले आणि गल्ल्याचा खण स्पष्ट दिसू लागला.

"राजन्ना, कुछ तो करो!"

"मैं क्या करूं मॅडम? आपने हेड बोला, मैंने हेड बनाया. ये तो पूरा ऊरु आया!" ('ऊरु' म्हणजे गाव. तेलुगूत एवढे मला येते.)

मी ओसरीवर मटकन बसले आणि मुळूमुळू रडू लागले. शास्त्रीय शिक्षणाचा याबाबतीत काहीही उपयोग होत नाही.

"उठ वं!" सुमन आत्याबाई पदर खोचत समोर उभ्या होत्या. "रडून भाकरी फुगते का? पीठ कुठं हाये?"

आणि मग ज्यांना मी मोजलेच नव्हते, ते सगळे कामाला लागले. 'फक्त गाडी चालवायला' आलेल्या नवऱ्यांनी गाड्यांना किक मारल्या आणि घराघरांतून ज्वारीचे पीठ गोळा करून आणले. बाबांनी दुकान उघडून बेसनाचे पोते खांद्यावरून आणले. सासवांत धरलेल्या सुनांनी अंगणात विटांच्या चुली मांडल्या, भाकऱ्या थापल्या, पाट्यावर ठेचा वाटला. सुमन आत्याबाई झुणका ढवळता ढवळता मला सुनावत होत्या, "माह्यावाली सून आनली नसती तं काय केलं असतं, सिंगल?" त्या गडबडीत पहिली गरम भाकरी राजन्नानेच उचलली. हेडमध्ये न धरलेले आणखी एक हेड!

व्याही जेवले. दोनदा ठेचा मागितला, डोळे पुसले, पुन्हा मागितला.

"बारशाले झुनका-भाकर! वाह बावा!" ते बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले. "पुऱ्या तं सारेच देतात. ही कोनाची आयडिया?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी नम्रपणे मान खाली घातली. (खरे सांगायचा विचार मनात आला होता. सुमन आत्याबाईंच्या हातात उलथणे होते, म्हणून तो लगेच गेला नाही; पण गेला.)

पाहुणे गेल्यावर मी भीतभीत विचारले, "बाबा, मंग हैदराबाद?"

"जाय बाप्पा."

"खरंच? पाहुने खूश गेले म्हनून?"

"ते हायेच. शब्द देल्ला होता. पन तू इथं राह्यली, तं पुढचा कार्यक्रमबी तूच करशीन. गावाले ते झेपनार नाई."

संस्थेच्या वसतिगृहात मला सिंगल रूम मिळाली. सोबत एकच व्यक्ती आणावी, अशी स्पष्ट सूचना होती. ती मी बाबांना वाचून दाखवली.

"मंग? मी एकटाच तं येऊन राह्यलो," बाबा म्हणाले.

आईला घरी सोडून बाप पोरीला पोहोचवायला जातो का? म्हणून आई. व्याह्यांची जीप चालवायला दादा. दादा जातो तर वहिनी. वहिनीच्या कडेवर ईश्वरी. आणि भाकरीचे गाठोडे मांडीवर घेऊन सुमन आत्याबाई, ज्या जेवायलाही नाही, राहायलाही नाही, नुसत्या बघायला आल्या होत्या.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारले, "हाऊ मेनी पर्सन्स?"

जीपमधले सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी संख्याशास्त्राची एम.एस्सी. या संस्थेत मोजणीच्या अचूकतेवरच संशोधन करायला आले होते.

"वन," मी म्हणाले.

तो वाकून जीपमध्ये बघतच राहिला.

"ते मोजत नाईत," मी त्याला समजावून सांगितले.