शाफ्ट गार होता

इथले अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि बऱ्याचदा हसते, हे आधीच कबूल करते. यंत्रांच्या भागांचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं आणि ते टिकतील की तुटतील ते सांगायचं, हे माझं काम. भुताखेतांना त्यात जागा नाही... तरीही लिहितेय.

सातारा, एमआयडीसीतलं आमचं ऑफिस, दुसरा मजला. गेल्या एप्रिलमधला मंगळवार, दुपारचा सव्वा वाजलेला. सगळे खाली जेवायला गेलेले. मी एकटी स्क्रीनसमोर, डबा तसाच.

काम सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं — नाव मुद्दाम देत नाही. ऊस चिरडणाऱ्या रोलरचा बाहेरचा बिडाचा जाड नळा, म्हणजे शेल, आतल्या पोलादी शाफ्टावर घसरला होता. हा शेल तापवून फुगवतात, शाफ्टावर चढवतात. निवला की तो आवळून बसतो. चढवणारा फिटर दोन वर्षांपूर्वी वारलेला, त्यामुळे त्यानंच ढिला बसवला असं म्हणायला सगळे मोकळे. तो फिटर म्हणजे माझे वडील, अण्णा.

साहेबांना नातं न सांगता मी हे काम मागून घेतलं होतं. आणि माझंच मॉडेल अण्णांना खोटं पाडत होतं! चार दिवस तेच — शेल निवला की पकड शून्य.

लहानपणी शेल चढवताना बघायचा म्हणून मी त्यांच्या किती मागे लागायचे. पोरीबाळींचं काम न्हाई ते, म्हणत ते सायकलवर टांग टाकायचे. मी इंजिनिअर झाले तेव्हा म्हणाले, यंदा नेतो. त्या यंदाच्या आधीच ते गेले. फार आठवण येते हो त्यांची.

त्या दुपारी तर मला त्यांचा रागच आला होता. डोळे पुसत होते, तेवढ्यात ओल्या गोणपाटाचा वास आला. आणि उजव्या खांद्यामागून, अगदी रोजच्या आवाजात —

"शाफ्ट गार हाय का बघ की, पोरी."

मी बघितलं. शाफ्टाचं सुरुवातीचं तापमान उघडलं. तापलेल्या शेलचं तापमानच मी शाफ्टालाही देऊन ठेवलं होतं! म्हणजे दोघं बरोबरच निवत होते, बरोबरच आकसत होते. पकड येणार कुठून? शाफ्ट तीस अंशांवर आणला, गणित पुन्हा लावलं. पकड आली, हवी त्याहून थोडी जास्तच. घसरण्याचं कारण पुढे वेगळंच निघालं — रोलरवर टाकलेला जादा दाब. अहवालात तसं लिहिलंय.

रविवारी मिरजेला तात्यांकडे गेले, अण्णांचे कारखान्यातले जोडीदार. त्यांनी सांगितलं की शाफ्टाला आदल्या दिवसापासून ओली पोती गुंडाळायची, ही अण्णांचीच पद्धत.

"शेल उचलायच्या आदी तुझा बा एकच इचारायचा बघ. शाफ्ट गार हाय का. दुसरं कायबी बोलायचा न्हाई."

घरी अण्णा कारखान्याबद्दल अवाक्षर काढत नसत. पोत्यांचं तर आईलाही ठाऊक नव्हतं.

मनाचे खेळ म्हणाल, तर म्हणा. मला छळतं ते वेगळंच. आवाज आला तेव्हा मी मागे वळले नाही... गणित सुटेपर्यंत, चांगली दहा मिनिटं, स्क्रीनलाच चिकटून होते. वळले तेव्हा मागे कुणी नव्हतं.

अण्णा आले होते, आणि मी शाफ्ट बघत बसले.