भिंतीवरचा परब

आमच्या मुलुंडच्या जिममध्ये कोणाचं वजन उतरतं की नाही, देव जाणे. किस्से मात्र दर महिन्याला वाढतात. सकाळची बॅच म्हणजे निम्मा वेळ व्यायाम आणि निम्मा वेळ "अगं, तुला सांगितलं का?" बाकीचे किस्से हसून सोडून द्यायचे. परबचे मात्र सांगायला लागले की समोरचा आधी हसतो, मग गप्प होतो, मग मागे वळून भिंतीकडे बघतो.

आधीच सांगते, मी गणित शिकवून रिटायर झालेली बाई आहे. करणी-बिरणी मला सांगू नका. झालं ते सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा.

*

परब भांडुपचा. पंचेचाळिशीचा, बोलघेवडा, पोट जरा पुढे. तरुणपणी गोरेगावला कॉल सेंटरमध्ये होता. अमेरिकेतलं गिऱ्हाईक फोनवर शिव्या घालायला लागलं की हा बेसबॉलचा विषय काढायचा. "काय मॅच झाली ना सर काल!" गिऱ्हाईक थंड! पुढे नोकरी गेली, बेसबॉल राहिलं. लाल टोप्या घालणारी कुठलीशी टीम त्याची. तिचं नाव मला आजही धड घेता येत नाही.

मग त्याला हार्ट अटॅक आला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं, पण ठोके फार चढू द्यायचे नाहीत, दुसरा झटका झेपणार नाही. त्याची बायको रेखा त्याला जवळजवळ दंडाला धरून जिममध्ये घेऊन आली आणि किरणच्या ताब्यात दिलं. किरण आमची ट्रेनर. एकेकाळी कबड्डी खेळायची, आणि त्याच्याही आधी माझ्या वर्गात होती. म्हणून अख्खी जिम मला टीचर म्हणते आणि मी अख्ख्या जिमला अरेतुरे करते.

ऑक्टोबर लागला आणि परब म्हणाला, "टीचर, पोस्टसीझन सुरू!"

"म्हणजे काय रे?"

"सीझन संपला ना, आता चांगल्या टीम्सचा खरा सीझन. हरलात की घरी!"

"म्हणजे वार्षिक परीक्षा झाल्यावर परत परीक्षा? तुमच्या त्या अमेरिकेत पोरं ऐकून कशी घेतात?"

या मॅचेस आपल्याकडे भल्या पहाटे लागतात, म्हणजे नेमक्या आमच्या बॅचला. रेखा म्हणाली, मॅच अजिबात नाही, यांचा जीव वर-खाली होतो. परबने तोंड एवढंसं केलं. शेवटी किरणने तोड काढली. परबने छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधून ट्रेडमिलवर चालायचं. भिंतीवर जो बोर्ड आहे, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि ठोके दिसतात. परबचा आकडा लाल झाला की टीव्ही बंद!

रेखाने मान्य केलं. आमचे तावडे काका, सत्तरी ओलांडलेले, मालवणकडचे, सायकल मारता मारता म्हणाले, "माझ्या बायलेन माका जल्मभर असोच मोजल्यान. बोर्ड तेवडो नाय होतो!"

*

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. परब आरामात चालतोय. टीव्हीवर काहीच होत नाहीये. बेसबॉलमध्ये बहुतेक वेळ काहीच होत नाही, एक माणूस थुंकतो आणि दुसरा टोपी सारखी करतो. आणि बोर्डावर परबचा आकडा टणकन वर गेला.

"परब, पळतोयस का रे?" किरण ओरडली.

"कुठे? चालतोय की!"

तेवढ्यात टीव्हीवरच्या बॅटवाल्याने चेंडू उचलला तो थेट लोकांत. होमरन, म्हणजे आपला सिक्सरच. परबने दोन्ही हात वर केले. आणि आकडा? तो उतरायला लागला होता! आनंद होऊन गेला होता आणि कारण आत्ता आलं होतं.

किरण म्हणाली, "पट्टा बाद झालाय."

पट्टा मी बांधून बघितला. अख्खी मॅच माझे ठोके वरणभातासारखे. "पट्टा चांगला आहे," मी म्हटलं. "माणूस बघ."

*

माझा पहिला संशय काय असणार? चीटिंग! आयुष्यभर कॉप्या पकडल्यात मी. टीव्हीवरचं चित्र इंटरनेटवरून जरा उशिरा येतं म्हणे. म्हणजे याला कोणीतरी कानात आधी सांगत असणार. फोन काढून घेतला. इअरफोन काढून घेतला. खिसे तपासले. परब बिचारा हात वर करून उभा. "टीचर, पायमोजे पण काढू?"

मग किरणने स्वतःच्या फोनवर लाइव्ह स्कोअर लावला, टीव्हीपेक्षा तो आधी येतो. आणि आम्ही दोघी बघत बसलो.

आधी भिंतीवर आकडा उडाला. मग किरणच्या फोनवर धाव लागली. मग टीव्हीवर लोक नाचले.

तसंच तीनदा झालं. तिसऱ्या वेळी किरणने माझा हात घट्ट धरला होता. म्हणाली, "टीचर, हे अमेरिकेच्याही आधी चाललंय."

मी तिला म्हटलं, "स्क्वॉट्स मार."

*

दसऱ्याला जिममध्ये पूजा असते. डंबेल्सना हळदकुंकू, ट्रेडमिलला झेंडूची माळ, बेंचवर आपट्याची पानं. त्या दिवशी परबच्या टीमची मोठी मॅच होती. तावडे काका म्हणाले, "गाऱ्हाणा घालूक होया."

आम्ही चौघं हात जोडून उभे. बाकी कोणी आलं नव्हतं, सणाचा दिवस. काकांनी नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्या परबाची टीम सातासमुद्रापलीकडे खेळता हा, तिका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्याच्या छातयेर कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झालं, काकांनी नारळ खाली ठेवला. किरण प्रसाद घ्यायला वळली. आणि आरशांच्या बाजूने, शांतपणे, एकट्याने कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

त्या बाजूला आरसे आहेत आणि आरशांमागे भिंत. किरण जाऊन हात लावून आली. परब हसायचा प्रयत्न करत होता, पण ओठ पांढरे पडले होते. मी काकांकडे बघितलं. त्यांनी नारळाला पुन्हा नमस्कार केला आणि म्हणाले, "आयकल्यान."

*

त्यानंतर एक दिवस परब आला नाही. अंगात कणकण होती. त्याचा पट्टा खुंटीवर लटकत होता, धुतलेला, ओला. मी पाय ताणत होते. सहज वर बघितलं, तर बोर्डावर परबचं नाव आणि ठोके. झोपलेल्या माणसाचे असतात तसे, सावकाश.

"किरण, तो पट्टा कोणी घातलाय का?"

पट्ट्याखाली फक्त भिंत होती. किरणने पट्ट्यातला सेल काढून हातात घेतला. नाव तसंच राहिलं. ठोके चालूच!

तिने टीव्ही लावला. लाल टोप्यांची मॅच. आकडा उडाला. आम्ही वाट बघत बसलो. आता आकडा आणि खेळ यांच्यातलं अंतर वाढत चाललं होतं. आधी घोटभर पाणी पिण्याइतकं असायचं, आता तावडे काका खालून सगळ्यांचा चहा घेऊन आले तेव्हा कुठे टीव्हीवर होमरन दिसला.

मी रेखाला फोन लावला. "काय गं, परब मॅच बघतोय का?"

"छे हो टीचर, गोळी घेऊन झोपलेत." मग म्हणाली, "मघाशी झोपेत टाळ्या वाजवत होते."

*

परबला आम्ही काही सांगितलं नव्हतं. उगाच घाबरला आणि आकडा लाल झाला तर? पण तावडे काकांच्या पोटात काही राहत नाही. परबने ऐकून घेतलं आणि ट्रेडमिल थांबवून माझ्याजवळ येऊन बसला.

"मला माहितीये टीचर. ऑपरेशन झाल्यापासून असंच आहे. आत आधी वाजतं. मग होतं."

"मग एवढ्या पहाटे उठून मॅच कशाला बघतोस?"

तो टॉवेलने तोंड पुसत राहिला. "मॅच नाही बघत. खात्री करून घेतो. एक दिवस चुकेल ना, त्या दिवशी मी सुटलो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याची भीती नाही वाटली, दया आली. आणि मग घरी गेल्यावर भीती वाटली. बोर्डाला होमरन आधी कळतात, तर बाकीचं कळणार नाही कशावरून? हे मी किरणला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "टीचर, मी रोज त्याच भीतीने बोर्डाकडे बघते."

*

आणि मग फायनल.

परबची टीम पोचली होती! परब नवा टी-शर्ट घालून आला. रेखाने आम्हा सगळ्यांसाठी डब्यातून शिरा पाठवला होता. मॅच शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत. परब चालतोय, आम्हाला समजावतोय, हा बोलर असा टाकतो, तो तसा. मी एक डोळा बोर्डावर ठेवून होते.

बोर्डावर परबच्या नावापुढे शून्य आलं.

किरणने पळत जाऊन ट्रेडमिल बंद केली. "अगं, काय करतेस! शेवटचा डाव आहे!" परब ओरडला. मी त्याचं मनगट धरलं. नाडी चांगली टणटणीत चालू होती. माझ्या बोटांखाली ठोके आणि भिंतीवर शून्य.

"सेल गेला असेल," परब म्हणाला.

 सेल किरणने त्या दिवशी काढून हातात धरला होता, तरी ठोके चालू होते.

"रिक्षा थांबवा काका," मी म्हटलं. "किरण, तू बोर्डासमोरून हलायचं नाही. फोन चालू ठेव."

मागच्या गल्लीत छोटं हॉस्पिटल आहे. रिक्षात परब माझ्यावर वैतागला होता, तावडे काका देवाचं नाव घेत होते. मधेच परब म्हणाला, "टीचर, आज आत काहीच वाजत नाहीये. कोण जिंकणार, कळतच नाहीये." त्याच्या आवाजात आनंद होता की काय, मला कळेना. मी त्याचा हात सोडला नाही.

कॅज्युअल्टीत डॉक्टर तरुण होता, नुकती ड्यूटी लागलेली. "यांना काय होतंय?"

"काही नाही हो," परब म्हणाला.

"मग आणलं कशाला?"

काय सांगणार? मी सांगितलं, "आमच्या जिमच्या बोर्डावर यांचे ठोके शून्य दाखवतायत."

डॉक्टरने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात ढ मुलांकडे बघायचे. तरी त्याने परबला झोपवलं, पट्टा काढला, वायरी लावल्या. "मॅडम, एकदम नॉर्मल आहे. तुम्ही लोक ना, मशीनवर फार..."

परब म्हणाला, "टीचर, जरा स्कोअर..." आणि तेवढ्यावर थांबला. डोळे उघडेच होते.

मग धावपळ. पडदा ओढला, आम्हाला बाहेर काढलं. पडद्याच्या फटीतून मला डॉक्टरचे हात दिसत होते, परबच्या छातीवर दाबणारे. शॉक दिला. परत दाबलं. परत शॉक. काकांचा फोन गेला तशी रेखा येऊन पोचली आणि माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. तिला रडूही येत नव्हतं. फोन माझ्या कानाला होता आणि पलीकडे किरण फक्त "शून्य, टीचर... शून्य" म्हणत होती.

बराच वेळ गेला. डॉक्टरचे हात हळू झाले. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वेळ नोंदवायला बघतात तसं. नर्सने मान खाली घातली.

"टीचर!" किरण किंचाळली. "आकडा आला! अठ्ठ्याऐंशी!"

मी पडदा ओढून आत घुसले. "थांबू नका! अजिबात थांबायचं नाही! अठ्ठ्याऐंशी आलंय!"

"मॅडम, प्लीज, मॉनिटरवर काही नाहीये..."

"तुमच्या नाही! आमच्या बोर्डावर आलंय! दाबा!"

वर्गातला आवाज लागला असावा माझा. डॉक्टर घामाने भिजलेला, पण पुन्हा वाकला आणि दाबायला लागला. मी उभी, फोन कानाला, रेखा दारात. मॉनिटरवर सरळ रेघ. तो दाबतोय. सरळ रेघ. तो दाबतोय.

मग मशीन वाजलं. एकदा. मग पुन्हा. मग लागोपाठ.

डॉक्टरने हात काढून घेतले. नर्सने पुढे होऊन मॉनिटरवरचा आकडा वाचला, "एटी-एट, सर."

डॉक्टरने बाहीने कपाळ पुसलं, परबकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे. मी तो बंद करायला गेले, तशी त्याने घाईने हात पुढे केला.

"फोन ठेवू नका, मॅडम."